ताप कुणाला आला होता

तात्यांच्या तेराव्याला, त्यांच्या तसबिरीशेजारच्या टेबलावर मी फादर कुन्नेलनी पाठवलेल्या पत्रकांचा गठ्ठा ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं एकेक न्यावं, असं मला वाटत होतं. पत्रक हिंदीत होतं. पहिल्या पानावर फादर विलिब्रोर्ड नावाच्या एका कृश, दाढीवाल्या धर्मगुरूंचं धूसर छायाचित्र होतं आणि शेवटच्या पानावर माझे वडील, खांद्यावर शाल, हातात श्रीफळ. खाली ओळ होती: ‘वह बालक, जिसे फादर ने मौत के मुँह से लौटाया: श्री विश्वंभर पोतनीस, देवास.’

फादर विलिब्रोर्ड यांचं नाव फारसं कुठे सापडत नाही. मी शोधलं होतं. स्वातंत्र्याच्या आगेमागे, आमच्या भागाला स्वतःचा बिशपही नव्हता तेव्हा, ते धारहून राजगढकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मिशनमध्ये दवाखाना चालवत. मग एकाएकी त्यांना तिथून हलवलं आणि खाली नर्मदेकाठच्या जंगलात पाठवलं. तिथेच ते वारले. धर्मप्रांताच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला आहे. पण ते जिथे वारले तिथले भिल्ल अजून त्यांच्या कबरीवर नारळ फोडतात, तापानं फणफणलेली मुलं आणून तिच्याशेजारी निजवतात. त्या लोकांच्या आग्रहामुळेच, संतपदाच्या वाटेवर या माणसाला ‘धन्य’ म्हणता येईल का, याची चौकशी धर्मप्रांतानं सुरू केली होती. अशा चौकशीत साक्षीदार शपथेवर बोलतात. ते ख्रिस्ती असलेच पाहिजेत असं नाही. फादर विलिब्रोर्डना प्रत्यक्ष पाहिलेले दुसरे लोक आता उरले नव्हते, आणि तात्या मुख्य साक्षीदार झाले होते.

ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. आजोबा धार दरबारात नोकरीला. राजगढकडचं काम उरकून बैलगाडीनं परतताना मुलाला मुदतीचा ताप भरला. वाटेतल्या मिशनमध्ये पाद्री म्हणाला, पोराला हलवलंत तर जाईल. म्हणून मुलगा तिथे राहिला, बरा होऊन घरी आला, आणि मिशनचं अन्न खाल्लं म्हणून त्याला प्रायश्चित्त दिलं. तात्या हे रंगवून सांगत. ‘पंचगव्य असं पाजलं की ताप परवडला असता,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे आजोबांनी मिशनच्या वरिष्ठांकडे तक्रार केली की पाद्रीनं मुलाला मुद्दाम ठेवून घेतलं, बाटवायला पाहिलं. पाद्रीची बदली त्यामुळेच झाली. तात्यांनी दोन वर्षांपूर्वी गीतेवर हात ठेवून साक्ष दिली की ती तक्रार खोटी होती. आपल्याच बापाचं खोटं त्यांनी म्हातारपणी निस्तरलं, याचा मला फार अभिमान होता. शालीचा फोटो मीच काढला होता.

मांडवात पाहुण्यांसाठी दाल-बाफले होते. “भिया, घी इधर भी,” अशा हाका चालल्या होत्या. सुमंगलाआत्या आतल्या खोलीत खिडकीशी बसली होती. ती तात्यांची थोरली बहीण, नव्वदीला टेकलेली, मुलाकडे धारला राहते. तिनं पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

“हे कुणी छापलं?”

“चर्चनं. मी सगळ्यांना देतेय.”

“देऊ नकोस.”

मला वाटलं, तेराव्याला चर्चचं पत्रक वाटलेलं तिला आवडलं नसावं. तसं मी म्हणालेही. आत्यानं माझ्याकडे मंदबुद्धी मुलाकडे बघावं तसं पाहिलं.

“ताप विश्वंभरला आला नव्हता, इरा. मला आला होता. तो तेव्हा इथे देवासला मामाकडे पतंग उडवत होता.”

बाहेर कुणीतरी ताट आपटलं. आत्या हळू आवाजात, पण भराभर सांगत गेली. आजारी पडली ती. मिशनमध्ये राहिली ती. सोबत ठेवलेल्या बाईलाही ताप चढला, तेव्हा पाद्रीनंच आत्याला मक्याची राबडी भरवली. तापात केस गळायला लागले म्हणून डोकं भादरलं तेही त्यानंच. अकरा वर्षांची मुलगी, सोयरीक बोलून ठेवलेली, पाद्रीच्या हातचं खाऊन, तुळतुळीत डोक्यानं घरी आली. पोतनिसांचं मूल मिशनमध्ये आहे, हे तोवर धारभर झालं होतं. आता कुठलं तरी मूल दाखवायलाच हवं होतं.

“मुलगा पंचगव्य पिऊन शुद्ध होतो,” आत्या म्हणाली. “मुलीला पाजलं तरी लोक विसरत नाहीत. मग विश्वंभरला देवासहून आणला, आणि केस वाढेस्तो मला इथे मामाकडे आणून ठेवलं. त्याला सांगितलं, तू आजारी होतास. खूप रडला बिचारा. म्हणाला, मी नव्हतो. दादांनी, तुझ्या आजोबांनी, एक वाजवली, मग म्हणाला, होतो.”

“पण मग इतकी वर्षं...”

“मीच बोलू दिलं. लग्न झालं, सासर कडक, मला बरंच होतं ते. त्याला गोष्ट सांगायला आवडायची. सांगू दे म्हटलं. पण शपथेवर?” तिनं पत्रकावर बोट ठेवलं. “आणि आता हे गावोगाव जाणार.”

मी उठून बाहेर गेले आणि टेबलावरची उरलेली पत्रकं गोळा केली. बरीच वाटून झाली होती. तात्यांचे जुने विद्यार्थी शेवटचं पान एकमेकांना दाखवत होते. एक जण मला म्हणाला, “मॅडम, सर जैसा सच्चा आदमी नहीं देखा.” मी मान हलवली.

अजेय, आत्याचा मुलगा, पीथमपूरच्या एका कारखान्यात मॅनेजर आहे. पाहुणे गेल्यावर आत्यानं त्याला सांगितलं की तिला फादरांसमोर साक्ष द्यायची आहे. तो आधी हसला. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं.

“आई, किसको फ़र्क पड़ता है अब? मामा गेले, पाद्री गेला.”

“मी आहे ना.”

“आजकल का माहौल पता है तुला? उद्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकेल, पोतनिसांची मुलगी मिशनमध्ये राहिली होती. कॉलनीत राहायचंय आपल्याला.” तो माझ्याकडे वळला. “इरा, तू पढ़ी-लिखी आहेस, समजाव ना हिला. तुझ्या वडिलांचं नाव जाईल, माझ्या नाही.”

तो बरोबर बोलत होता, आणि मला लाज वाटली ती याची की त्याच्याआधी मीही हाच हिशेब मांडून बसले होते. मी आत्याला म्हटलं, थोडं थांबू या, पावसाळ्यानंतर बघू.

“माझ्या वयात पावसाळ्यानंतर काही नसतं,” आत्या म्हणाली. “तू लाव फोन. नाहीतर मी लावते. मला येतो लावता.”

मी फोन लावला. चौकशीचं काम बघणारे फादर कुन्नेल मूळचे केरळचे, पण निम्मं आयुष्य धार-झाबुआकडे घालवलेले. त्यांची हिंदी माझ्याहून माळवी. आत्याला तात्यांच्या साक्षीत दुरुस्ती करायची आहे, एवढंच मी बोलले. ते म्हणाले, “आइए, मैडम. हम तो बैठे ही इसी काम के लिए हैं।” मग विचारलं, माताजी हिंदीत बोलतील ना?

आत्या जन्मभर माळव्यात राहिली. भाजीवाल्याशी हिंदीत भांडून भाव पाडते. पण ती म्हणाली, शपथ घ्यायची तर मराठीतच. बाजारातल्या बोलीत देवासमोर उभी राहायची नाही. म्हणजे दुभाषी हवा. अजेयची मराठी अर्धी हिंदीच आणि त्याला यायचंच नव्हतं. उरले मी.

“आप दूसरे साक्षी की बेटी हैं,” फादर फोनवर म्हणाले. “नियम से किसी और को लेना चाहिए। पर यहाँ और कौन मराठी है? और छिपाने की वजह आपके पास सबसे ज़्यादा है। फिर भी जो आप बोलेंगी, उस पर मुझे भरोसा रहेगा।”

धारहून आम्ही सकाळीच निघालो. गव्हाची कापणी झाली होती, शेतं रिकामी होती. मोहनखेड्याला निघालेल्या यात्रेकरूंच्या बसमागे आम्ही बराच वेळ अडकलो. आत्यानं मांडीवर एक कापडी पिशवी धरली होती. मला तिला काही विचारायचं होतं, पण जे विचारायचं होतं ते मला ऐकायचं नव्हतं. तात्यांना ठाऊक होतं का? की सांगून सांगून त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं? आठवणी अशा बनतात, हे मी पुस्तकांतून भरपूर वाचलं आहे. त्या वाचनाच्या आधारानं मी वडिलांना सोडवायच्या बेतात होते. गाडी चालवता चालवता मी मनात हिंदी वाक्यंही तयार केली होती.

मिशन तेच असलं तरी दवाखाना आता राहिलेला नाही. तिथे शाळा आहे. फादरांच्या बैठकीच्या खोलीत एक लांब टेबल, पंखा, भिंतीवर क्रूस आणि बिशपांचा फोटो. फादर कुन्नेल, आणि लॅपटॉपवर लिहून घेणाऱ्या एक तरुण सिस्टर. बस. मला न्यायालयासारखं काहीतरी अपेक्षित होतं. सिस्टरनी आम्हाला आधी लिंबाचं सरबत दिलं.

“माताजी, शपथ किस पर लेंगी?” फादरांनी विचारलं. “विश्वंभर सर ने गीता पर ली थी।”

आत्यानं पिशवीतून पितळेची छोटी अन्नपूर्णा काढून टेबलावर ठेवली. लग्नात माहेराहून दिलेली. “माहेरची आहे,” ती म्हणाली. “माहेराबद्दलच बोलायचंय.” मी भाषांतर केलं. फादरांनी बसल्या जागी मान झुकवली. मग त्यांनी मलाही शपथ दिली: जे सांगितलं जाईल तेच, वाढवणार नाही, घटवणार नाही. मी त्याच अन्नपूर्णेवर हात ठेवला. पितळ गार होतं.

सुरुवात सोपी गेली. बैलगाडी, ताप, राबडी. आत्या बोलायची आणि मी तिच्या जागी ‘मैं’ म्हणायचे. ‘मेरे बाल उन्होंने काटे.’ ‘मैं ग्यारह साल की थी.’ मग आत्या म्हणाली, “बरी होत आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, मला इथेच राहू द्या. मला तुमच्यातलं करा.”

मी तिच्याकडे पाहिलं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं.

“सांग,” ती म्हणाली.

मी सांगितलं. सिस्टरांची बोटं क्षणभर थांबली.

“फिर?” फादरांनी विचारलं.

“ते म्हणाले, तापात मागितलेलं मी देत नाही. घरी जा. मोठी हो. तेव्हाही वाटलं तर आईशी बोल, माझ्याशी नको. मला फार राग आला. मी त्यांची राबडी ओतून दिली. त्यांनी दुसरी आणली.”

फादरांनी एक जुनी नोंद वाचून दाखवली. आजोबांच्या तक्रारीनंतर वरिष्ठांनी फादर विलिब्रोर्डना खुलासा मागितला होता. त्यांनी इतकंच उत्तर दिलं होतं: मूल आजारी होतं, मूल बरं झालं. मुलगा, मुलगी, काहीच नाही.

“मैं इसे बरसों से पढ़ रहा हूँ,” फादर म्हणाले. “समझ में नहीं आता था कि अपना बचाव क्यों नहीं किया। यहाँ पूरा गाँव गवाही दे देता कि यहाँ कोई लड़का था ही नहीं।”

आत्यानं हे माझ्या भाषांतराची वाट न बघता ऐकलं. “त्यांनी तसं म्हटलं असतं तर विचारलं असतं, मग कोण होतं,” ती म्हणाली. “माझं लग्न ठरत होतं. ते त्यांना मीच सांगितलं होतं.”

खोलीत शाळेचा गलका ऐकू येत होता. मी हे वाक्य हिंदीत नेताना माझा आवाज नीट राहिला, याचं मला आश्चर्य वाटलं. आजोबांनी एका माणसाला देशोधडीला लावलं, आणि आमच्या घरातली मुलगी उघडी पडू नये म्हणून तो माणूस बोलला नाही. तात्यांच्या साक्षीत यातलं काही नव्हतं, असणं शक्यच नव्हतं. ज्या गोष्टीसाठी त्यांना शाल मिळाली तिनं फादर विलिब्रोर्ड यांचं सगळ्यात मोठं काम झाकून टाकलं होतं.

मग फादर कुन्नेलनी तो प्रश्न विचारला. थोडं अवघडून, माझ्याकडे न बघता. “शपथ लेते समय आपके भाई जानते थे कि बीमार वे नहीं, आप थीं?”

मी तो मराठीत विचारला. दोघींनाही तो कळलेला होता.

“माहीत होतं,” आत्या म्हणाली. “साक्ष देऊन घरी गेल्यावर त्यानं मला फोन केला. म्हणाला, ताई, आज तुझा ताप मी शपथेवर घेतला. हसत होता. मी म्हटलं, हे तू बरं केलं नाहीस. तर म्हणाला, दादांचं खोटं तर निघालं ना, मग कुणाच्या तोंडून निघालं यानं काय होतंय. आणि म्हणाला, फार दिवसांनी माझ्यासाठी एवढे लोक जमले होते.”

शेवटचं वाक्य ऐकताना मला तात्यांचा आवाज आला. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे येणारी माणसं एकेक करून बंद झाली होती. आई गेल्यावर तर संध्याकाळी ते फाटकाशी खुर्ची टाकून बसत, रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला तरी थांबवत. मिशनच्या सणाला त्यांच्यासाठी गाडी आली, व्यासपीठावर खुर्ची होती, मुलींनी स्वागतगीत म्हटलं. घरी आल्यावर त्यांनी ती शाल कितीतरी वेळ काढली नव्हती.

“मैडम?” फादर म्हणाले.

“उस समय उनकी उम्र काफ़ी हो चुकी थी,” मी म्हणाले. “बचपन से यही सुनते आए थे। शायद उन्हें ख़ुद भी साफ़ याद नहीं था।”

सिस्टरांनी ते लिहिलं. लॅपटॉपच्या कळा वाजल्या आणि थांबल्या.

“इरा,” आत्या म्हणाली. ती रागावली नव्हती. “हे मी बोलले नाही.”

फादरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे पाहत राहिले, जणू मला कपडे नीट करायला वेळ देत होते. माझे कान तापले. भाषांतर अवघड होतं म्हणून चुकलं, असं म्हणता आलं असतं. पण आत्याला दोन्ही भाषा येत होत्या.

“त्याला कशाला लहान करतेस,” आत्या मराठीत म्हणाली. “विसरभोळा नव्हता तो. त्याला सगळं आठवत होतं. सांग.”

मी सांगितलं. हाँ, जानते थे. उन्होंने फ़ोन करके कहा कि दीदी, आज तुम्हारा बुख़ार मैंने शपथ पर ले लिया. एवढ्यावर थांबावंसं वाटलं, पण आत्या माझ्या ओठांकडे पाहत होती. वे हँस रहे थे, मी म्हणाले. आणि पुढचं सगळं, ते माणसं जमण्याचं वाक्यही, शब्दाला शब्द.

सिस्टरांनी फादरांना विचारलं, “पहले वाला जवाब मिटा दूँ?”

“नहीं,” फादर म्हणाले. “इसमें कुछ मिटाया नहीं जाता।” मग माझ्याकडे वळून, हलक्या आवाजात, “माफ़ कीजिए, मैडम। नियम ऐसा ही है।”

ते सांगत गेले आणि सिस्टर लिहीत गेल्या: दुभाषिया ने पहले भिन्न उत्तर दिया, साक्षी के टोकने पर सही उत्तर दिया. सगळी कागदपत्रं रोमला जातात, तिथे या माणसाला न पाहिलेले लोक ती वाचतात, असं फादरांनी आत्याला समजावलं. ती हो-हो म्हणाली. तिला तहान लागली होती. तिनं स्वतःच हिंदीत आणखी सरबत मागितलं.

फादरांनी विचारलं, भावाबद्दल आणखी काही सांगायचं आहे का? आत्या म्हणाली, “नाही. तो भाऊ म्हणून चांगला होता. ते तुमच्या कामाचं नाही.” मी तेही भाषांतर केलं. मलाही पुष्कळ बोलायचं होतं: ते शाळेत गरीब मुलांना घरी बोलावून शिकवत, खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यांना माणसं हवी होती. पण मला कुणी विचारलं नव्हतं. दुभाष्याला स्वतःचं वाक्य नसतं, आणि मी एक आधीच बोलून बसले होते.

सिस्टरांनी सगळं वाचून दाखवलं. माझं चुकीचं उत्तर आलं तेव्हा त्यांनी वेग वाढवला. मग कागद छापून आले. आत्यानं मोडीच्या वळणाची, जुनी सही केली. नंतर कागद माझ्यापुढे सरकवत सिस्टर म्हणाल्या, “दीदी, पूरा नाम लिखिएगा। पिताजी के नाम के साथ।”

मी लिहिलं: इरावती विश्वंभर पोतनीस.